वाढत्या अंगाचा अभ्यासक्रम

शिवणबाईंकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. हेडसरांच्या खोलीतले पडदे जमिनीवर लोळत होते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येत होते, म्हणून त्या खाली उकिडव्या बसून पडद्याची किनार दुमडत होत्या. मी भिंतीवरचा जगाचा नकाशा परत न्यायला आले होते. हेडसर टेबलामागून त्यांना समजावत होते. शिवण हा विषय आता बंद, वरून तसा कागद आलाय. मशिनंही जुनी झालीत. चित्रकलेचे सर बदलीवर गेलेत, त्यांची जागा रिकामी आहे. आणि शेवटी काय, दोन्ही हातांचीच कामं.

"मग चित्रकला घ्याल ना?"

शिवणबाई म्हणाल्या, "हं?"

तोंडात टाचण्या धरून माणसाला दुसरं काही म्हणता येत नाही. त्या 'हं'च्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. मला ते ऐकू आलं, हेडसरांना नाही आलं. "झालं तर मग," म्हणत त्यांनी समोरच्या कागदावर सही ठोकली. बाईंनी एकेक टाचणी तोंडातून काढून मनगटावरच्या उशीला टोचेपर्यंत त्या चित्रकलेच्या शिक्षिका होऊन गेल्या होत्या.

एवढी वर्षं आम्ही एकाच शाळेत होतो, पण त्यांचा शिवणवर्ग व्हरांड्याच्या अगदी टोकाला, पाण्याच्या टाकीपलीकडे. कुणाचं बटण तुटलं, कुणाचा दप्तराचा बंद निघाला, की सगळे तिकडे पळायचे आणि काम झालं की विसरायचे. मीही त्यातलीच. मुलं त्यांना शिवणबाई म्हणत, म्हणून आम्हीही म्हणत असू.

व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. मी वयानं मोठी, म्हणून त्या मला ताई म्हणायच्या. "ताई, मला चित्र काढता येत नाही. उगाच विनयानं नाही सांगत. मी मांजर काढलं तर लोक विचारतात, हे स्टूल कुणाकडचं?"

मी म्हटलं, अजून शाई वाळली नाही, आत जाऊन सांगा. त्या गेल्या. हेडसर मनानं चांगले होते, पण त्यांच्याही हातात फारसं नव्हतं. त्यांनी स्वच्छ सांगितलं की वर्षाच्या शेवटी तपासणी आहे. चित्रकला नीट शिकवली जात नाही असं ठरलं, तर हा विषय बाहेरच्या माणसाकडे जाईल आणि बाईंना कचेरीत बसावं लागेल. कचेरीत आजही जागा आहे. पगार तोच, डोक्याला ताप नाही, टपालावर शिक्के मारायचे. हवं तर उद्यापासूनच बसा.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा झाला होता. "पोरं नसतील तर मी शाळेत कशाला येऊ, ताई? शिक्के मारायला?" मनगटावरची टाचण्यांची उशी त्यांनी सोडून पिशवीत टाकली. मग म्हणाल्या, "एक वर्ष मिळालंय ना. बघते."

घरी ही बातमी फारशी आनंदात ऐकली गेली नाही. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे आणि स्वभावानं इतके शांत की त्यांच्या दुकानातली घड्याळंच त्यांच्यापेक्षा जास्त बोलायची. घरातलं सगळं बोलणं सासूबाईंच्या वाट्याला आलं होतं. त्या म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण ऐकलं होतं. आमच्या सूनबाई नाचता येत नाही म्हणून नाच शिकवायला निघाल्यात."

आधीच्या सरांचा छापील अभ्यासक्रम कपाटात होताच. समोरची वस्तू बघून काढायची ते वस्तुचित्र, आठवून काढायचं ते स्मरणचित्र, वेलबुट्टीचं संकल्पचित्र, असं सगळं क्रमानं, तासातासाला बेतलेलं. बेतलेलं खरं, पण ज्याला चित्र काढता येतं अशा माणसानं तशाच माणसासाठी. पहिलाच धडा किटलीचा होता.

त्या दिवशी बाई लवकर आल्या. टेबलावर किटली मांडली आणि फळ्यावर काढायला लागल्या. काढायच्या, पंज्यानं पुसायच्या, पुन्हा काढायच्या. घंटा होईपर्यंत फळा पांढुरका झाला होता आणि त्यावर जी काही उभी होती ती किटली नव्हती, एक पोटुशी बदकीण होती. माझा भूगोलाचा तास शेजारीच, मध्ये नुसतं लाकडी पार्टिशन. मागच्या बाकावरून कुणीतरी बदकासारखं ओरडलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "फळ्यावरचं चित्र काढा," एवढं सांगून त्या कागद वाटायला वळल्या.

त्या वर्गाची मॉनिटर मुलगी भारी आज्ञाधारक. शिक्षकांनी 'बस' म्हटलं की उभी असेल तिथेच बसणारी. ती उठली, डस्टर घेतलं आणि फळ्यावरचं चित्र काढलं. म्हणजे पुसून टाकलं.

"काढलं, बाई."

वर्ग फुटला. बाईंनी वळून पाहिलं. "अगं, काढ म्हणजे काढ. काढून टाक नव्हे."

"तुम्हीच म्हणालात काढा," मुलगी रडवेली झाली.

माझ्या वर्गातली मुलंही आता हसत होती. मी त्यांना गप्प करून कान देऊन बसले. मला वाटलं, शेजारून आता रडण्याचा आवाज येईल, मुलीचा नाहीतर बाईंचा. पण काहीच आवाज येईना. मग बाई म्हणाल्या, "थांबा. कुणी फळ्याला हात लावू नका."

मधल्या सुट्टीत मला हाताला धरून त्यांनी वर्गात नेलं. मॉनिटर टापटिपीची, तिनं सगळा फळा पुसला नव्हता. चित्राच्या कडेकडेनं डस्टर फिरवून नेमकं तेवढंच चित्र पुसलं होतं. आजूबाजूला खडूचा पांढुरका थर तसाच, आणि मधोमध स्वच्छ काळी किटली. डस्टर बदकाच्या मानेइतकं वळत नाही, म्हणून तोटीही सरळ झाली होती.

"ठेवली होती तेव्हा दिसत नव्हती," बाई म्हणाल्या. "काढून टाकल्यावर दिसली." आणि मग माझ्याकडे न बघता, जरा स्वतःशीच, "मला काढता येत नाही, ताई. पण काढून टाकता येतं. जन्मभर तेच तर केलंय. कापडातून बाही काढायची म्हणजे काय? जे जे बाही नाही ते कात्रीनं काढून टाकायचं. उरते ती बाही."

दुसरी कुणी असती तर त्याच दिवशी वर्गात कात्र्या वाटून मोकळी झाली असती. शिवणबाई तशा नव्हत्या. माप न घेता बेतायला बसलं की कापड वाया, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी छापील अभ्यासक्रम परत कपाटात ठेवला आणि पुढचे काही आठवडे नुसती मापं घेतली. मुलांना त्या लहानलहान कामं द्यायच्या. कागदाची घडी घाला, दोरीची गाठ मारा, या बटणाच्या रंगाचं काहीतरी वर्गात शोधा, डोळे मिटून शेजारच्याच्या कानाचा आकार हवेत काढून दाखवा. आणि त्या हात मागे बांधून बाकांमधून फिरायच्या. कोण पेन्सिल मुठीत धरतं, कुणाला घाई, कोण शेजारच्याचं बघून करतं आणि शेजारच्यापेक्षा चांगलं करतं, कुणाच्या पेटीत फक्त पांढरा रंग उरलाय. या वर्गात एक मुलगी होती. तिला काहीही काढायला सांगितलं की म्हणायची, "नंतर काढते." सगळे तिला 'नंतर'च म्हणायचे. मागच्या सरांकडे तिनं वर्षभर कोरा कागद दिला होता. बाईंनी मला सांगितलं, "ती आळशी नाही. तिला पहिली रेघ ओढायची भीती वाटते. कोऱ्या कापडाला पहिली कात्री लावताना मलाही वाटते."

मुलांची मापं झाली तशा त्या एका सुट्टीच्या दिवशी मला घरी घेऊन गेल्या. बेतायच्या मोठ्या टेबलावर कागद, पेन्सिल, सगळी जय्यत तयारी. मला वाटलं, कागदी भाषा लिहून द्यायला बोलावलंय. पण त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "आता माझं माप घ्या."

"मी?"

"स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, ताई. टेप धरायला वाकलं की पाठ सरळ राहत नाही."

मग मी त्यांचं माप घेतलं. काय येतं, काय येत नाही, एकेक विचारत गेले. रंगाची नजर अशी की लांबून दोरा बघून सांगायच्या, हा त्या कापडाला जाणार नाही, यात निळ्याची झाक आहे. घड्या घालून नक्षी कापणं म्हणजे हातचा मळ. कुठला तुकडा कशाला पुरेल हे बघताक्षणी कळायचं. कुणाचं काय चुकलं ते न दुखावता सांगता यायचं, कारण गिऱ्हाइकाला 'तुम्ही जाड झालात' हेसुद्धा त्यांनी कित्येकदा गोड शब्दांत सांगितलेलं. आता येत नव्हतं ते. रेघ येत नव्हती. लांबलचक बोलता येत नव्हतं. आणि लांबची वस्तू लहान का काढायची, हे त्यांना मुळातच पटत नव्हतं. "लांब उभं राहिलं म्हणून माणसाच्या छातीचं माप कमी होतं का?"

कोपऱ्यात सासूबाई डाळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, तिच्या तोंडाचंही माप घ्या. शाळेत कमी बोलते म्हणता, घरी तर त्याहून जपून वापरते."

दोन्ही मापं समोर ठेवून त्यांनी वर्ष बेतायला घेतलं. सुरुवात वस्तूच्या मधल्या भोकांपासून करायची, ती कापली की उरते ती वस्तू. मी वाक्यं सुचवत होते, कारण सरकारदरबारी कागद कसा लिहितात हे मला ठाऊक होतं. मी लिहिलं, 'ऋण अवकाशाच्या आकलनातून आकारबोध.' बाईंनी ते दोनदा वाचलं.

"हे काय आहे?"

"तुमची भोकं."

"मग भोकंच लिहा. उद्या मलाच कळणार नाही काय शिकवायचं ते."

शेवटी 'रिकाम्या जागा' यावर तडजोड झाली. आधी रिकाम्या जागा कापणं, मग रंग जुळवणं, मग घड्यांची नक्षी, आणि पेन्सिल सगळ्यात शेवटी. पण प्रत्येक महिन्यातले काही तास त्यांनी कोरेच सोडले होते. मी विचारलं, इथं काय भरू? त्या म्हणाल्या, काही नाही. पोरांचा कपडा नेमका अंगाबरोबर शिवला तर सहा महिन्यांत आखूड होतो. आत दाब ठेवावा लागतो, अंग वाढलं की उसवून सोडायला. हे तास वाढीचे. पोरं कुठं वाढतील ते आत्ता कसं लिहू?

सासूबाईंनी ताट बाजूला ठेवलं. "ते मात्र बरोबर आहे. हिच्या नवऱ्याच्या सदऱ्यांना मी असाच दाब ठेवायचे." मग आत घड्याळात डोकं खुपसून बसलेल्या लेकाकडे बघून म्हणाल्या, "जरा जास्तच ठेवला. अजून वाढतोय."

असा तो वाढत्या अंगाचा अभ्यासक्रम तयार झाला. हेडसरांनी तो चष्मा काढून वाचला, घालून वाचला आणि म्हणाले, "बाई, तपासणीला चित्रं लागतील हो. भोकं कशी दाखवायची मी?" पण अडवलं नाही. बहुतेक कचेरीतली जागा अजून रिकामी होती म्हणून.

पहिल्या दिवशी बाईंनी टेबलावर खुर्ची ठेवली आणि मुलांना काळा कागद दिला. खुर्ची काढायची नाही, असं बजावलं. खुर्चीच्या पायांमधून पलीकडची भिंत दिसते ना, तो भिंतीचा तुकडा कापा. मग पाठीच्या दांड्यांमधला तुकडा. मग हाताखालचा. कापलेले तुकडे पांढऱ्या कागदावर, जसे दिसतात तसे मांडा. मुलं भिंतीचे तुकडे मांडत गेली आणि एकदम कुणीतरी ओरडलं. खुर्ची आली. कुणी काढली नव्हती, तरी आली. मी पार्टिशनवरून डोकावले तर सगळा वर्ग बाकांवर उभा राहून एकमेकांचे कागद बघत होता. 'नंतर' नावाच्या मुलीनं पाच-सहा तुकडे लावून संपवले होते आणि आणखी कागद मागत होती. पहिली रेघ ओढायची पाळीच आली नव्हती ना.

त्यानंतर त्या वर्गाला रिकामं बघायचं वेडच लागलं. बोटांमधलं रिकामं, फांद्यांमधलं, जिन्याच्या कठड्यातलं. माझ्या तासाला नकाशा लावला तर एकजण म्हणाला, "बाई, मी समुद्र कापला तर जमीन आपोआप येईल ना?" मी एवढी वर्षं भूगोल शिकवला, पण नकाशाकडे इतक्या प्रेमानं बघणारी मुलं मला त्याच वर्षी मिळाली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. गणिताच्या सरांचा पाढ्यांचा तक्ता एका सकाळी आठांच्या पोटांना भोकं पडलेल्या अवस्थेत सापडला. सर बाईंकडे तणतणत आले. बाईंनी तक्ता हातात घेऊन न्याहाळला, "कापलंय मात्र सफाईनं" म्हणाल्या आणि रातोरात नवा करून आणला. एक वडील मुलाची चित्रकलेची वही घेऊन आले. पान उघडून त्यांनी हेडसरांच्या डोळ्यांसमोर धरलं तर पलीकडून वडिलांचा डोळा दिसला. "शाळेत उंदीर झालेत का?" त्यांनी विचारलं. त्यांना बाईंच्या वर्गात बसवावं लागलं. तासाच्या शेवटी ते लेकाशेजारी बसून कात्री मागत होते.

मग रंग आले. ज्याच्याकडे जो रंग असेल तो बाईंनी मध्ये ठेवलेल्या ताटल्यांत ओतून सगळ्यांचा केला. प्रत्येकानं काहीतरी आणायचं, पान, खडा, बटण, काहीही, आणि त्याचा रंग कागदावर असा जुळवायचा की वस्तू त्यावर ठेवली की दिसेनाशी झाली पाहिजे. त्यांच्या हातात दोऱ्याची रिळं असायची तशी आता मुलांच्या हातात ताटल्या होत्या आणि भांडणं सुरू होती, यात पिवळा कमी आहे, नाही, तुझ्याच डोळ्यात कमी आहे. वाढीच्या तासांना मुलं आपलंआपण ठरवायची. एका तासाला त्यांनी चाकं कापली. एका तासाला एकमेकांच्या सावल्या. एकदा नुसती बसून राहिली आणि बाईंनी बसू दिलं.

पेन्सिल हातात आली तेव्हा वर्ष उतरणीला लागलं होतं. बाई म्हणाल्या, आता हीच कात्री समजा. रेघ ओढायची नाही, रिकामं कापायचं. मुठीत पेन्सिल धरणारी मुलं बोटांत धरायला लागली होती, कारण कात्रीनं बोटं सुटी केली होती. हा फायदा बाईंनीही बेतला नव्हता. तो दाबातून निघाला.

तपासणीच्या दिवशी मी माझ्या वर्गाला नकाशा भरायला दिला आणि पार्टिशनपाशी खुर्ची ओढून बसले. तपासणीचे साहेब उंच, किडकिडीत, मोजकं बोलणारे. एकेकाळी स्वतः चित्रकलाच शिकवायचे, हे नंतर कळलं. त्यांनी वह्या चाळल्या. भोकं, रंगाचे ठिपके, घड्यांच्या नक्ष्या. चेहऱ्यावर काही दिसेना. मग त्यांनी खडू पुढे केला. "बाई, फळ्यावर ही खुर्ची काढून दाखवता?"

माझ्या वर्गातल्या मुलांनी नकाशावरून माना वर काढल्या.

"मला काढता येत नाही, साहेब," शिवणबाई म्हणाल्या.

"मग मुलांना कोण शिकवतं?"

"मी शिकवते. त्यांना सांगा काढायला."

साहेबांनी खडू खाली ठेवला. त्यांनी कोपऱ्यातली एक हात तुटलेली खुर्ची उचलून टेबलावर तिरपी मांडली, तिच्या पायांमधून स्वतःची छत्री आडवी घातली आणि पाठीला आपली पिशवी अडकवली. सोपं काही करायचं त्यांच्या मनात दिसत नव्हतं, आणि तेच योग्य होतं. "पेन्सिल घ्या. कात्री नाही. करा सुरू."

कुणीच सुरू केलं नाही. सगळी मुलं एक डोळा मिटून खुर्चीकडे बघत बसली. कुणी मान वाकडी केली, कुणी बाकाखाली घसरलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. हेडसर दारात उभे होते, त्यांनी तर मान खाली घातली. कचेरीतली ती जागा मला डोळ्यांसमोर दिसायला लागली. बाई मात्र खिडकीपाशी हात मागे बांधून उभ्या होत्या आणि एक शब्द बोलत नव्हत्या. मला नंतर म्हणाल्या, कपडा गिऱ्हाइकाच्या अंगात गेला की आपण ओढाताण करायची नसते.

"अडलंय का?" साहेबांनी विचारलं.

मॉनिटर उभी राहिली. "नाही साहेब. आधी रिकामं बघतोय."

मग पहिली पेन्सिल कागदावर टेकली, आणि ती 'नंतर'ची होती. तिच्यामागून सगळ्यांच्या टेकल्या. पार्टिशनच्या फटीतून मला पेन्सिलींचा आवाज येत होता, उंदीर कुरतडतात तसा, संथ आणि सारखा. साहेब बाकांमधून फिरायला लागले. एकाची पिशवी खुर्चीपेक्षा मोठी झाली होती. एकाची खुर्ची उतारावर ठेवल्यासारखी घसरत होती. पण सगळ्या खुर्च्याच होत्या, त्याच खुर्च्या, तिरप्या, एका हाताच्या, आणि जो जिथे बसला होता तिथून त्याला दिसणाऱ्या. दोन कागद सारखे नव्हते.

'नंतर'च्या बाकापाशी ते थांबले. तिनं छत्री पायांना छेदून गेली होती ती जागा अशी पकडली होती की छत्री उचलता येईल असं वाटावं. "हा मागचा पाय आहे आणि हा पुढचा, हे कसं कळलं तुला?"

"मागचा-पुढचा मला नाही कळत, साहेब," ती म्हणाली. "पण या दोन पायांमधलं भोक त्या दोन पायांमधल्या भोकापेक्षा अरुंद आहे. ते तसं कापलं की पाय आपोआप मागे जातो."

साहेब तिच्या शेजारी बाकावर बसले. बाक लहान, त्यांचे गुडघे वर आले. त्यांनी तिचा कागद घेतला नाही, कोरा मागितला. तिची पेन्सिल मागितली, एक डोळा मिटला आणि खुर्चीकडे बघत काढायला लागले. सगळा वर्ग त्यांच्याभोवती जमला. मुलांनी त्यांना दोनदा थांबवलं, साहेब, हाताखालचं रिकामं राहिलं. त्यांनी ते घेतलं. त्यांची खुर्ची अर्थातच सगळ्यांत सुंदर आली, आणि वर्गानं ती मोकळेपणानं मान्य केली.

मग त्यांनी हेडसरांकडून अभ्यासक्रमाचा कागद मागितला. कोऱ्या तासांवर बोट ठेवून विचारलं, हे राहून गेलंय का? बाई म्हणाल्या, नाही, वाढीसाठी सोडलंय. त्यांनी घडी घालून कागद हेडसरांना परत दिला. "एकच सांगतो. लांबचं लहान दिसतं, तेही शिकवा. तुम्हाला पटत नसलं तरी."

हे त्यांना कुणी सांगितलं ते मला आजवर कळलेलं नाही. बाई लाजल्या. "शिकवेन, साहेब. मला पटवून घेते आधी."

साहेबांनी शेरा लिहिला. हेडसरांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. विषय समाधानकारकरीत्या शिकवला जात असून याच शिक्षिकेकडे कायम ठेवावा. कोरे तास तसेच कोरे ठेवावेत. 'याच शिक्षिकेकडे' हे ऐकलं आणि मॉनिटरनं आज्ञा नसताना टाळी वाजवली. तिच्या आयुष्यातली ती पहिलीच आगळीक असेल. मग सगळा वर्ग, मग पार्टिशनच्या अलीकडचा माझा वर्ग. गणिताचे सर आवाज बंद करायला आले आणि कारण कळल्यावर टाळ्या वाजवत उभे राहिले. हेडसरांनी कचेरीत माणूस पाठवून सांगितलं की ती जागा दुसऱ्या कुणाला द्या.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेले. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे तुला अजूनही काढता येत नाही."

"नाही."

"आणि तरी ठेवून घेतली."

"हो."

"मग माझ्या माहेरचंही एक माणूस घेता येईल का बघ, त्यालाही काही येत नाही." आणि मग तोंड वळवून, लेकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "अरे, ती घड्याळं ठेव बाजूला. आज आपल्या घरी आनंद आहे."

त्यानंतर आजूबाजूच्या शाळांतले चित्रकलेचे शिक्षक तो अभ्यासक्रम बघायला यायला लागले. उतरवून मागायचे. बाई बघू द्यायच्या, पण उतरवू द्यायच्या नाहीत. हट्ट म्हणून नाही. "हा माझ्या वर्गाच्या आणि माझ्या अंगाचा आहे," त्या म्हणायच्या. "तुम्हाला खांद्यात घट्ट होईल. तुमची मापं घेऊन या, आपण बेतू." खरंच घेऊन येणारे निघाले. एक तरुण शिक्षक होता, हात सुरेख, पण मुलांसमोर बोलायला घाबरायचा. त्याच्यासाठी त्यांनी पहिले सगळे तास न बोलता चालतील असे बेतले. दुसऱ्या एका बाईंच्या वर्गात फार मुलं, त्यांच्यासाठी भिंतीएवढी चित्रं, सगळ्यांनी मिळून करायची. त्यांच्या स्वतःच्या वर्गाचा कागदही दरवर्षी उसवला जायचा, कारण मुलं दरवर्षी वेगळी. लांबचं लहान त्यांना कधी पटलं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, पटलं नाही अजून, पण दिसायला लागलंय.

'नंतर' आता एका कारखान्यात यंत्रांच्या भागांचे आराखडे काढते. मॉनिटर आमच्याच शाळेत गणित शिकवते.

मी निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला. शिवणबाई अजून नोकरीत आहेत. पाचवी ते आठवीची चित्रकला त्यांच्याकडे आहे. गुडघा दुखतो म्हणून या वर्षी त्यांनी वर्ग तळमजल्यावर मागून घेतलाय.